उजव्या पंजाचं जनावर

वाघमारे सरांच्या कपाटात दोन हजेरीपट असायचे. एक सातवी ‘ब’चा. दुसऱ्यात एकाच विद्यार्थ्याचं नाव होतं, आणि नाव म्हणजे तरी काय, त्या रकान्यात सरांनी आपल्या टपोऱ्या अक्षरात ‘अज्ञात’ एवढंच लिहिलं होतं. जन्मतारखेच्या रकान्यात फुली. जातीच्या रकान्यात आडवी रेघ. “ह्या बिचाऱ्याच्या मागं तरी कशाला लावायची,” असं म्हणून त्यांनी ती रेघ ओढली होती. पुढं दर रविवारच्या चौकटीत ‘गै’. गैरहजर. पानामागून पान, वर्षामागून वर्ष, गै, गै, गै. त्या सगळ्या हजेरीपटात फक्त एका रविवारी ‘ह’ आहे. तो माझ्यामुळं आहे. सरांविषयी लिहायचं म्हणजे त्या एका अक्षरापाशी मला यावंच लागणार, म्हणून आधीच सांगून टाकतो.

किनवट तालुक्यातल्या एका निवासी शाळेवर मी मराठीचा शिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा माझं वय अठ्ठावीस होतं आणि डोक्यात एकच विषय होता, बदली. मी रेणापूरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. आमच्याकडं झाडी म्हणजे बांधावरच्या चार बाभळी आणि एक लिंब. इथं शाळेच्या कुंपणामागं सागवान सुरू व्हायचं ते थेट डोंगर चढून पलीकडं उतरायचं. वाघमारे सर विज्ञान शिकवायचे आणि वसतिगृहाचे अधीक्षकही तेच होते. मूळचे मुखेडचे. वडील सालगडी, घरात शिकलेला पहिला माणूस हाच. वसतिगृहाला लागूनच्या दोन खोल्यांत ते आणि वहिनी राहायचे. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली जंगलात न्यायची झोळी. आडनाव वाघमारे, पण मुंगळ्यांची रांग आडवी आली तर हा माणूस रांग संपेपर्यंत उभा राहायचा. पोरं मागं खोळंबायची. घंटा होऊन गेलेली असायची.

ते जनावर सरांना या शाळेवर आल्याच्या पहिल्याच वर्षी दिसलं होतं. डोंगराच्या वरच्या अंगाला कातळात एक पाणवठा आहे, तिथं, सकाळी. कुत्र्याएवढं, पण पाठ लांब. पुढचे पाय आखूड. राखेचा रंग आणि कानापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा. सरांच्या हातात घड्याळ नव्हतं, म्हणून त्यांनी मनात आकडे मोजले. बत्तीस मोजेपर्यंत ते पाणी पीत होतं, मग गेलं. वनरक्षक म्हणाला, तरस असेल. मुख्याध्यापक म्हणाले, चष्म्याचा नंबर बदलून घ्या. सर म्हणाले, “मी तरस पाहिलंय, कोल्हा पाहिलाय, उदमांजर पाहिलंय. हे पाहिलं नव्हतं.” आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी कोरा हजेरीपट काढला. मास्तराला एखाद्यावर नजर ठेवायची तर दुसरा कुठला मार्ग ठाऊक असणार?

“पाहिलं का ऐकलं?” हा सरांचा प्रश्न सगळ्या शाळेच्या तोंडी होता. वसतिगृहातली पोरं आसपासच्या पाड्यांवरची. कुणी सांगायचं, “सर, माझ्या आज्यानं पाहिलंय ते जनावर.” सर वही उघडायचे. “आज्यानं पाहिलं. तू ऐकलं.” दोन वेगळे रकाने होते. पेरू कुणी तोडले, काच कुणी फोडली, सगळ्या खटल्यांत हाच प्रश्न. “सर, ह्यानं तोडले.” “पाहिलं का ऐकलं?” पोरगं गडबडायचं, “ऐकलं,” म्हणायचं, आणि खटला खारीज. पण एखाद्यानं सरांच्या डोळ्याला डोळा लावून “पाहिलं” म्हटलं की सर पुढं काही विचारत नसत. त्यांचा संशय तिथं संपायचा. माणूस पाहिल्याचं खोटं सांगेल, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

झोळीत गाठी मारलेली सुतळी असायची, बोटाबोटाच्या अंतरावर गाठ. पंजे मोजायला. कंपासपेटी, आलेखाचा कागद आणि खडूच्या रिकाम्या पेट्या. जंगलात सापडलेली लेंडं, विष्ठा, केस ते या पेट्यांत भरून, वर तारीख टाकून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवायचे. एकदा तपासणीला साहेब आले. त्यांना पोरांना गणित घालायची हुक्की आली. फळ्यापाशी खडू नव्हता, तेव्हा त्यांनी स्वतःच कपाट उघडलं आणि पेटीत हात घातला. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मुख्याध्यापक घामाघूम. वाघमारे सर मात्र पुढं होऊन अदबीनं म्हणाले, “साहेब, ते कोल्ह्याचं हाय. वाळलेलं हाय. घाबरू नका.” साहेबांनी हात तीनदा धुतले आणि शेऱ्याच्या वहीत लिहिलं, प्रयोगशाळेत साहित्य भरपूर आहे.

रविवारी सरांबरोबर जायचं मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या गावात रविवारी करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, आणि वहिनी दोघांच्या भाकरी बांधून द्यायच्या. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, फडक्यात हिरव्या मिरच्या. सर पुढं, मी मागं. बोलायचं नाही, शिट्टी मारायची नाही, पान तोडायचं नाही. पाणवठ्यावर पोचलो की कातळामागं बसायचं, दुपार कलेपर्यंत. मग सर हजेरीपट काढायचे, ‘गै’ लिहायचे आणि म्हणायचे, “चला. पुढल्या रईवारी येईल.” चुकार पोराबद्दल बोलावं तसंच म्हणायचे, जराही वाईट वाटून न घेता.

काही खूण सापडली तर तिचा पंचनामा व्हायचा. ही त्यांची पक्की पद्धत. कोतवाल-तलाठ्यांच्या गावात वाढलेला माणूस, कागदावर दोन पंचांच्या सह्या असल्याशिवाय गोष्ट घडली असं त्यांना वाटतच नसे. फोटोवर विश्वास नव्हता. “फोटोत वजन कळत न्हाई,” म्हणायचे. एक पंच ते, दुसरा मी. आम्ही सायाळीच्या काट्याचे, रानडुकराच्या खुरांचे, नको त्या सगळ्याचे पंचनामे केले. खाली मी माझ्या शाईच्या पेनानं झोकात सही करायचो. मराठीच्या मास्तराला शाईचा पेन शोभतो, अशी माझी समजूत होती.

वर्ष उलटलं आणि मला कंटाळा आला. मोबाईलवर मॅच लागलेली असताना, रेंज नसलेल्या डोंगरावर, एका नसलेल्या जनावराची वाट बघत बसायचं. शिक्षकांच्या खोलीत सरांची टिंगल चाले, तिच्यात मीही असे. मीच जास्त असे, कारण आतल्या बातम्या माझ्याकडं. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी एका तुटक्या रबरी चपलेचा तळ कापून पंजा केला. पाच बोटं. नखांच्या जागी बाभळीचे काटे खोवले. सायकल काढली आणि रस्त्याजवळच्या खालच्या नाल्यावर गेलो. वर पाणवठ्यापर्यंत चढायचा कंटाळा, एवढंच त्या जागेचं कारण. ओल्या गाळात ओळीनं सहा ठसे उठवले आणि चपलेचा तुकडा लांब फेकून दिला. एकदाचं याला काहीतरी सापडू दे आणि आपण सुटू, असंही मनात होतं. नुसता दुष्टपणा होता असं म्हणवत नाही, पण दुष्टपणा नव्हता असंही म्हणवत नाही.

रविवारी मी सरांना म्हणालो, “गुडघा दुखतोय सर, आज खालून जाऊ.” नाल्यावर आलो आणि सर थांबले. त्यांनी चपला काढून लांब ठेवल्या. अनवाणी, एकेक पाऊल जपून टाकत गेले आणि गाळापाशी उकिडवे बसले. झोळीतून सुतळी काढली.

“शिंदे सर, मी बघून राहिलो ते तुम्हीबी बघून राहिलात ना?”

“हाव सर.”

“पाहिलं?”

“पाहिलं,” मी म्हणालो.

मग त्यांनी मोजमाप घेतलं, आलेखाच्या कागदावर ठसा काढला. “नखं उमटलीत. मांजराच्या जातीचं न्हाई, ते नखं आत घेतंय.” पुढं सरकले, मागं आले. पुन्हा पुढं. “शिंदे सर, हे सगळे उजवेच हायत.”

मी पंजा एकच केला होता, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आता सापडलो, असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. आता ते हसतील, एखादी शिवी देतील, आपण पाया पडू, संपेल. सर गाळाकडं बघत बसले. त्यांनी सगळ्या शक्यता तपासल्या असणार. आपल्याबरोबर आलेला माणूस, ही एकच शक्यता त्यांनी सोडली.

“लंगडं हाय ओ ते,” सर म्हणाले. “डावा टेकवत न्हाई. म्हणून इतकी वर्षं वर आलं न्हाई. चढवत नसंल त्याला. आणि मी येडा, वर वाट बघून राहिलो.” त्यांचे डोळे भरून आले होते.

सांगायची वेळ ती होती. मी शाईचा पेन काढला आणि पंचनाम्यावर सही केली. समक्ष पाहिले, खरे असे. त्यांनी हजेरीपट मांडीवर घेतला आणि त्या चौकटीत ‘ह’ लिहिला, दोनदा गिरवून.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी वसतिगृहाच्या सगळ्या पोरांना शिरा केला. मीही खाल्ला. शाळेच्या क्लार्कला तेवढं मी खरं काय ते सांगितलं, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. दुपारपर्यंत शिक्षकांची सगळी खोली हसत होती. त्यानंतर रोज कुणीतरी गंभीर चेहऱ्यानं विचारायचं, “सर, लंगडं कसं आहे?” आणि सर मनापासून उत्तर द्यायचे. इतक्या वर्षांनी लोक आपल्या कामाची चौकशी करू लागले, याचा त्यांना केवढा आनंद झाला होता. मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, “तुमच्या सहीमुळं हे झालं बगा. एकट्या माणसाचं कुणी मानत न्हाई.”

त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. ती तीन वर्षं त्यांनी त्या खालच्या नाल्यावर घालवली. खरोखर काही असलंच तर ते वर पाणवठ्यावर होतं, जिथं त्यांनी बत्तीस मोजले होते. तिथं ते पुन्हा गेले नाहीत. माझ्या आळसानं निवडलेल्या जागेवर, रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकत बसायचे. उन्हाळ्यात नाला आटला तेव्हा त्यांना काळजी लागली. “लंगडं जनावर पाण्यासाठी किती फिरणार?” शाळेच्या स्वयंपाकघरातलं काठ फुटलेलं एक घमेलं त्यांनी नाल्यात नेऊन ठेवलं आणि पाच लिटरच्या कॅनमधून पाणी नेऊन भरू लागले. एक दिवसाआड. घमेलं रिकामं व्हायचं. शेळ्या पीत असणार, उन्हानं आटत असणार. सर म्हणायचे, “पिऊन गेलं.”

असल्याच एका उन्हाळ्यात कॅन घेऊन उतरताना ते दरडीवरून घसरले. मी त्या दिवशी बदलीच्या खटपटीत लातूरला होतो. एका गुराख्यानं पाहिलं तोवर दोन तास ते उन्हात पडून होते. डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. नांदेडला दवाखान्यात मी मोसंबी घेऊन गेलो, सगळं सांगायचं ठरवून. त्यांनी पहिलं विचारलं, “घमेल्यात पाणी हाय का?” मी म्हणालो, बघतो. आणि मग पाऊस लागेपर्यंत मी, त्या पंजाचा बाप, शाळा सुटल्यावर सायकलला कॅन अडकवून रोज त्या घमेल्यात पाणी ओतत होतो. शाळेतलं कुणी दिसलं तर कॅन लपवायचो. ते पाणी ओतल्यानं माझं काही हलकं झालं नाही. सर काठी घेऊन परत आले तेव्हा हसत म्हणाले, “आता आमची जोडी जमली, शिंदे सर. तेबी उजव्या पायावर, मीबी उजव्या पायावर.” शिक्षकांच्या खोलीत त्या दिवशी कुणी हसलं नाही. त्यानंतर लंगड्याची चौकशीही कुणी केली नाही. सरांना वाटलं, लोक विसरले.

ते निवृत्त होऊन मुखेडला गेले आणि माझी लातूरला बदली झाली. चार वर्षं मी त्यांना फोनवर सणासुदीला शुभेच्छा पाठवत राहिलो. मागच्या वर्षी एका सुट्टीच्या दिवशी सकाळी एस.टी. धरली आणि गेलो. जाताना वाक्यं जुळवत होतो. सर, एक सांगायचंय. सर, तो पंजा. मराठी शिकवतो मी, पण एकही वाक्य धड जुळलं नाही.

मुखेडला बाजाराचा दिवस होता. सर दाराशी खाटेवर बसले होते, अंगानं निम्मे झालेले. मला बघून उठायला लागले, काठी सापडेना. वहिनींनी चहा टाकला. मी “सर, एक सांगायचंय,” एवढं म्हटलं तेवढ्यात शेजारचा एक माणूस भाजीची पिशवी घेऊन जाता जाता थांबला. रोजची सवय असावी.

“काय सर, सापडलं का जनावर?” त्यानं माझ्याकडं बघून डोळा मिचकावला.

सरांचा चेहरा उजळला. “बरं झालं तुम्ही आजच इचारलं. हे शिंदे सर. हे पंच हायत. इचारा ह्यास्नी.”

त्या माणसानं हसू दाबत मला विचारलं, “खरंच पाहिलं का ओ तुम्ही?”

सर माझ्याकडं बघत होते. सातवी ‘ब’मधल्या पोराकडं बघायचे तसेच, उत्तर काय येणार याची काळजी नसलेल्या नजरेनं. मी म्हणालो, “हाव. पाहिलं.”

“बगा,” सर त्या माणसाला म्हणाले. एवढंच म्हणाले. तो खांदे उडवून निघून गेला.

तो गेल्यावर घरात आम्ही तिघंच होतो. कुणासमोर त्यांची लाज जाईल, ही सबब आता उरली नव्हती. मी तोंड उघडलं. सरांनी उशाखालून हजेरीपट काढला आणि पंचनामा चिकटवलेलं ते पान उघडलं. पानावर पाण्याचे पिवळट डाग होते. “पडलो त्या दिवशी झोळीत होता. कॅन सांडला ह्याच्यावर. हे पान इथं आल्यावर उघडलं तवा कळलं. माझं बॉलपेनचं अक्षर राहिलं, तुमची सही तेवढी गेली. लई हौस शाईच्या पेनाची.” पंचनाम्याच्या खाली माझ्या नावाच्या जागी एक निळा फराटा होता. “कधीपासून म्हणून राहिलो, शिंदे सर आले की पुन्हा घ्यायची. एका पंचाचा कागद कोण मानंल? मी न्हाई राहिलो तर पोरं रद्दीत घालतील. दोन सह्या असल्या तर एखादा वाचंल तरी.” त्यांनी खिशातलं बॉलपेन काढून, टोपण उघडून माझ्या हातात दिलं.

पहिली सही थट्टा म्हणून खपवता आली असती. या दुसऱ्या सहीला मी काय म्हणू? वहिनी चहा घेऊन उभ्या होत्या. मी त्या निळ्या डागावर माझं पूर्ण नाव लिहिलं. सरांनी पान उजेडाकडं धरून बघितलं, फुंकर मारली, आणि समाधानानं हजेरीपट मिटला.

नको नको म्हणताना ते मला स्टँडपर्यंत सोडायला आले. चालताना दर दहा पावलांवर थांबायचे. बाजारातून येणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. बस लागली, मी खिडकीत बसलो. सर खाली उभे राहून वर बघत म्हणाले, “किनवटकडं जाणं झालं तर वर पाणवठ्यावर जाऊ नका. खाली नाल्यालाच बगा. तिथंच हाय ते. आणि उन्हाळ्याचं गेलात तर जरा पाणी ठेवा.”

मी मान हलवली. गाडी सुटली. वळण येईपर्यंत मी मागं बघत होतो. काठी बगलेत, हात वर, आणि सगळा भार उजव्या पायावर देऊन सर तिथंच उभे होते.